त्वचेचा दाह आणि चीनच्या वनौषधी : प्रस्तावना

नल्लकुंट्यातील ज्या सरकारी रुग्णालयाला दप्तरी सर रोनाल्ड रॉस यांचे नाव आहे, त्याला या भागातली जुनी माणसे अद्यापि कोरंटी दवाखाना म्हणूनच ओळखतात. साथीच्या रोग्यांना वस्तीपासून अलग ठेवण्याची जी व्यवस्था निजामाच्या अंमलात झाली, तिच्यातूनच तो उभा राहिला. गोवर, कांजिण्या, घटसर्प, नाना प्रकारचे ज्वर यांनी पीडित माणसे येथे येत आली, आणि त्यांतील पुष्कळांच्या बाबतीत रोग्याने तोंड उघडण्यापूर्वीच त्याच्या अंगावरच्या पुरळाने वैद्याला अर्धी हकीकत सांगितलेली असे. परंतु त्वचेच्या दुखण्यांचा याहून कितीतरी मोठा समुदाय असा आहे की जो या किंवा दुसऱ्या कोणत्याही रुग्णालयाच्या दारापर्यंत सहसा पोहोचत नाही, कारण त्या दुखण्यांनी माणूस मरत नाही. कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेले इसब, अवेळी अंगावर उठणाऱ्या पित्ताच्या गांधी, रात्रीची झोप उडवणारी खाज, शाळकरी मुलाच्या गालांवरचे लाल खरबरीत चट्टे, या सर्वांची फिर्याद प्रथम घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडे, मग कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाकडे, मग एखाद्या वैद्याकडे वा चारमिनारजवळच्या निजामिया युनानी दवाखान्यातल्या हकिमाकडे जाते, आणि बहुधा बेगम बाजारातल्या जडीबुटीच्या पुडीवर येऊन थांबते. पुढील प्रकरणांचा विषय ही दुखणी आणि त्यांच्यावर योजिल्या जाणाऱ्या वनस्पती हा आहे. त्यांतही विशेषेकरून ज्यांची परीक्षा गेल्या काही दशकांत चिनी वैद्यकाच्या निमित्ताने झाली, त्या वनस्पती.

चिनी वनौषधींचा विचार हैदराबादच्या मराठी माणसाने का करावा, अशी शंका येणे स्वाभाविक आहे, आणि तिचे उत्तर चोपचिनीच्या मुळीत सापडते. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही मुळी चीनकडून समुद्रमार्गे पश्चिम किनाऱ्यावर उतरली. त्याच सुमारास पोर्तुगिजांबरोबर आलेल्या, आणि म्हणून आपल्याकडे फिरंगरोग या नावाने प्रसिद्ध झालेल्या, उपदंशाने हाहाकार मांडला होता, व त्या रोगातील त्वचेच्या व्रणांवर या मुळीचा काढा रामबाण आहे अशी तिची ख्याती झाली. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत असे, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याचे जाणेयेणे होते, आणि 1563 साली गोव्यातच छापल्या गेलेल्या त्याच्या औषधिविषयक संवादांमध्ये या मुळीला एक स्वतंत्र संवाद त्याने दिलेला आहे. शारीरशास्त्राचा प्रवर्तक व्हेसेलियस याने तर त्याच्याही आधी, 1546 साली, या मुळीच्या काढ्यावर लॅटिन भाषेत एक दीर्घ पत्र प्रसिद्ध केले होते, कारण सम्राट पाचवा चार्ल्स हा तिचा काढा घेत असे. इराणात इमादुद्दीन महमूद शिराझी याने तिच्यावर रिसाला लिहिला. आणि इकडे भावमिश्राने भावप्रकाशात द्वीपांतर वचा या संस्कृत नावाने तिला आयुर्वेदाची सनद देऊन टाकली. एका शतकाच्या आत एका चिनी मुळीला तीन वैद्यकांनी आपलेसे केले, हा व्यवहार आजच्या औषधव्यापारालाही मागे टाकील असा आहे.

पुढे उपदंशावर खरोखर गुणकारी औषधे निघाली तेव्हा चोपचिनीचा तो मान गेला, आणि तो जाणे न्याय्यच होते. परंतु त्वचेच्या इतर विकारांवरची तिची योजना मात्र चालू राहिली. युनानी हकिमाच्या माजूनांत ती अद्याप आहे, आणि चीनमध्ये तिचे भावंड असलेली स्मायलॅक्स ग्लॅब्रा, जिला तिकडे थूफूलिंग म्हणतात, ती इसब व सोरायसिस यांवरच्या काढ्यांत नित्य पडते. या मुळीतील ॲस्टिल्बिन नावाच्या द्रव्यावर प्रयोगशाळांतून बरेच काम झाले असून, शरीराच्या संरक्षक पेशी अकारण खवळल्या असता त्यांना ते काहीसे आवरते, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. उंदरांवरील, हे शब्द वाचकाने येथेच ध्यानात ठेवावेत. त्यांची गरज पुढे वारंवार लागणार आहे.

चोपचिनी ही परदेशाहून आलेली पाहुणी; पण चीनच्या औषधिसंग्रहातील कित्येक वनस्पती मुळात आपल्याच परसातल्या आहेत, आणि गंमत अशी की त्यांच्याविषयी दोन्ही देशांचे मत सहसा जुळत नाही. गोखरू आपल्याकडे मूत्राच्या विकारांवर देतात. चिनी वैद्य त्याच काटेरी फळाला खाज शमवणारे मानतो व अंगावर गांधी उठल्या असता देतो. टाकळ्याचे बी कोकणात गजकर्णावर वाटून लावतात, म्हणून तर संस्कृतात त्याला दद्रुघ्न म्हटले; चिनी माणूस टाकळ्याच्या बियांचा चहा डोळ्यांसाठी पितो. मंजिष्ठ आपल्याकडे वर्ण उजळणारी व रक्त शुद्ध करणारी, तिकडे प्रामुख्याने रक्तस्राव थांबवणारी. दोन प्राचीन परंपरांनी एकाच झाडाकडे हजारो वर्षे पाहिले आणि त्यांना वेगवेगळे गुण दिसले, याचा अर्थ झाडात दोन्ही गुण आहेत असा होऊ शकतो, किंवा दोघांपैकी निदान एकाची नजर चुकली असाही होऊ शकतो. केवळ प्राचीनत्वाच्या दाखल्यावर निकाल देऊ पाहणाऱ्याला येथे थबकावेच लागते. बावचीच्या बाबतीत मात्र दोन्हीकडचे मत मिळते: कोडावर तिचे बी दोन्ही देशांत वापरतात, आणि आमच्या हैदराबादेत एर्रागड्ड्याची युनानी संशोधन संस्था कोडाच्या उपचारासाठीच दूरवर प्रसिद्ध आहे. बावचीतील सोरालेन हे द्रव्य त्वचेला सूर्यप्रकाशाबाबत अतिसंवेदनशील करते, त्यामुळे तिच्या लेपानंतर उन्हात अधिक वेळ बसलेल्या माणसाच्या अंगावर भाजल्यासारखे फोड येतात. दाह शमवणाऱ्या औषधांच्या मालिकेत दाह उत्पन्न करणारे हे एक औषध मुद्दाम घेतले आहे, कारण वनस्पती सौम्यच असते ही जी सार्वत्रिक समजूत आहे तिला ते परस्पर उत्तर देते.

नल्लकुंट्यापासून अंबरपेठ अगदी जवळ. तेथे 1920 सालापासून तयार होणारे जिंदा तिलिस्मात हे औषध हैदराबादेत ज्याच्या घरात नाही असे घर शोधावे लागेल. हकीम मोइजुद्दीन फारुकी यांनी सिद्ध केलेल्या या औषधात निलगिरीचे तेल, कापूर, पुदिन्याचे सत्त्व आणि ओव्याचे सत्त्व यांच्या जोडीला रतनजोतीचे मूळही आहे. सर्दीपडशावरचे हे औषध. त्याचा आपल्या विषयाशी थेट संबंध नाही. पण रतनजोतीचा आहे. तेलात टाकताच गडद लाल रंग सोडणारे हे मूळ आपल्या स्वयंपाकघरात रस्त्याला रंग आणण्यासाठी पडते, आणि याच कुळातील, याच रंगाचे मूळ चीनमध्ये त्झत्साव या नावाने भाजलेल्या, सुजलेल्या व लाल झालेल्या त्वचेवर शतकानुशतके लावले जात आहे. 1617 च्या एका चिनी शल्यग्रंथातील मलमात फेरफार करून जपानच्या हानाओका सेइशू याने, ज्याने 1804 साली रोग्याला पूर्ण बेशुद्ध करून स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया केली त्याच विलक्षण शल्यवैद्याने, तिळाचे तेल, मेण आणि ही मुळी यांचे जांभळट मलम सिद्ध केले, व ते जपानात अद्याप विकले जाते. या मुळीतील रंगद्रव्याचा शोध चिका कुरोदा या विदुषीने घेतला. जपानात विज्ञानाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी ती एक, आणि शिकोनिन या द्रव्यावरचे तिचे काम 1918 मधले. युरोपातल्या रतनजोतीतील अल्कानिन आणि पूर्वेकडील मुळीतील शिकोनिन हे दोन्ही पदार्थ घटकांनी एकच असून रचनेने एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब आहेत. पेशींमध्ये दाहाचे संदेश फैलावणाऱ्या यंत्रणेला शिकोनिन अडसर घालते, हे अनेक प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे दाखवले आहे. 1980 नंतरच्या दशकात जपानी कारखान्यांनी ही मुळी शेतात न लावता तिच्या पेशी टाक्यांमध्ये वाढवून शिकोनिन काढले व ते ओठांच्या लालीत घातले. वनस्पतीच्या पेशींपासून व्यापारी प्रमाणावर काढलेल्या पहिल्या पदार्थांत त्याची गणना होते. एवढ्या कौतुकानंतर जमाखर्चाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे: या कुळातील बऱ्याच वनस्पतींत यकृताला घातक अशी अल्कलॉइडे असतात, म्हणून जे मलम म्हणून लावायचे ते पोटात घेण्याच्या मोहात कोणी पडू नये. शिवाय बाजारात रतनजोत या एका नावाखाली आर्नेबिया, ओनोस्मा, अल्काना अशा निरनिराळ्या जातींची मुळे येतात, आणि गिऱ्हाइकाला केवळ रंग हवा असतो म्हणून दुकानदारालाही तो भेद करण्याचे कारण पडत नाही.

आता दाहाविषयी. ॲलर्जी ही संज्ञा 1906 साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के याने प्रचारात आणली, आणि तिच्या मुळाशी असलेली घटना थोडक्यात अशी आहे की शरीर एखाद्या निरुपद्रवी वस्तूला, उदाहरणार्थ परागकणाला, शत्रू समजते. त्वचेच्या आत, रक्तवाहिन्यांच्या आसपास, कणांनी ठासून भरलेल्या ज्या पेशी असतात त्या पॉल एर्लिश याने 1878 साली आपल्या प्रबंधात वर्णिल्या व त्यांना मास्ट पेशी हे नाव दिले. या पेशींच्या पृष्ठभागावर जे प्रतिपिंड पहारा देतात त्यांचा शोध 1966 साली किमिशिगे व तेरुको इशिझाका या दांपत्याने जाहीर केला. संशयित वस्तू त्या प्रतिपिंडांना चिकटताच पेशी फुटल्यागत आपले कण बाहेर टाकते, त्यांतील हिस्टमिन रक्तवाहिन्या सैल करते, द्रव पाझरतो, मज्जातंतू चाळवतात, आणि काही क्षणांतच त्वचेवर गांध उठते. पित्त उठण्याची ही कथा. इसबाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. 2006 साली डंडीच्या संशोधकांनी दाखवले की पुष्कळ इसबग्रस्तांच्या त्वचेच्या वरच्या थरातील फिलॅग्रिन नावाचे प्रथिन जन्मतःच उणे असते. त्यामुळे तटबंदीच्या दगडांमधला चुना झडून गेल्यासारखी त्वचा आतून कोरडी व बाहेरून खुली होते, आणि मग धूळ, जंतू, साबण यांना आत वाट मिळून आतल्या पहारेकऱ्यांची धावपळ कायमची सुरू होते. म्हणून इसबावरचे कोणतेही औषध, ते चिनी असो वा विलायती, या तटबंदीची डागडुजी न करता केवळ पहारेकऱ्यांना गप्प करील तर रोग पुन्हा पुन्हा उलटणार हे उघड आहे.

चिनी वनौषधींपैकी ज्यांची या दृष्टीने सर्वाधिक परीक्षा झाली त्यांत तीन नावे ठळक आहेत. हुआंगछिन या मुळातील बायकॅलिन व बायकॅलीन या द्रव्यांमुळे मास्ट पेशींचा उद्रेक मंदावतो, असे काचपात्रातील प्रयोग सांगतात. हुआंगल्येन या कडूजहर पिवळ्या मुळात बर्बेरिन असते, आणि तेच बर्बेरिन आपल्या दारुहळदीत व तिच्यापासून काढलेल्या रसांजनात असल्यामुळे, डोळ्यांवर व व्रणांवर रसांजन लावणाऱ्या आपल्या जुन्या वैद्याला चिनी वैद्याची ही योजना परकी वाटली नसती. तिसरे नाव ज्येष्ठमधाचे, आणि ते मला या सर्व प्रकरणात सर्वांत उद्बोधक वाटते. आपल्या शरीरात कॉर्टिसॉल हे दाहशामक द्रव्य नित्य तयार होते व ठिकठिकाणी एका विकराकडून निष्प्रभ केले जाते. ज्येष्ठमधातील ग्लिसिऱ्हेटिनिक आम्ल त्या विकरालाच अडवते, म्हणजे शरीराची स्वतःची ठेव खर्च होऊ न देता जागेवर राखते. एडिंबरोच्या वैद्यांनी 1990 साली दाखवले की त्वचेवर हायड्रोकॉर्टिसोनबरोबर हे आम्ल लावले असता त्या औषधाचा जोर वाढतो. चिनी वैद्य जवळजवळ प्रत्येक काढ्यात ज्येष्ठमध घालतो व ते इतर औषधांचे आपसांतले भांडण मिटवते असे म्हणतो. त्या समजुतीचा आणि या विकराचा संबंध जोडण्याचा मोह होतो, पण तो मोह आवरणेच बरे. हेच आम्ल मूत्रपिंडातही तोच उद्योग करते, आणि दीर्घकाळ अधिक ज्येष्ठमध खाणाऱ्याचा रक्तदाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम उतरते. जे द्रव्य त्वचेवर गुणकारी तेच पोटात गेल्यावर उपद्रवी, आणि दोन्ही एकाच कारणाने. वनौषधींच्या परिणामांचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच आढळेल.

नीळही येथे विसरून चालणार नाही. कडप्पा, नेल्लोरच्या मुलखात एके काळी निळीचे मोठे पीक निघे व ती मद्रासेच्या बंदरातून परदेशी जाई. चीनमध्ये निळीच्याच निरनिराळ्या झाडांपासून केलेली छिंगदाय नावाची भुकटी तोंडातल्या व त्वचेवरच्या व्रणांवर लावत. तैवानच्या वैद्यांनी 2008 साली सोरायसिसच्या रोग्यांवर तिचे मलम तपासले. शरीराच्या एका बाजूस नीळ व दुसऱ्या बाजूस नुसता लेप, आणि परीक्षकाला कोणत्या बाजूला काय हे ठाऊक नाही, अशी ही रचना. निळीची बाजू स्पष्टपणे सुधारली. चिनी वनौषधींच्या बाजूने जे थोडे खरोखर भक्कम पुरावे आहेत त्यांत मी याची गणना करतो. हीच भुकटी आतड्याच्या रोगावर पोटात घेणाऱ्या जपानी रोग्यांपैकी काहींना फुप्फुसांतील रक्तदाबाचा गंभीर विकार झाल्याचे 2016 मध्ये आढळले, हेही त्याच पानावर नोंदले पाहिजे.

या विषयाकडे साऱ्या जगाचे लक्ष वेधले ते लंडनमुळे. 1980 नंतरच्या दशकात तेथील चिनी वस्तीत डॉ. डिंग-हुई लुओ या चिनी वैद्य बाई इसबाच्या रोग्यांना वनस्पतींचे काढे देत असत, आणि ज्या मुलांवर ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या बालरुग्णालयाचे सर्व उपाय थकले होते त्यांतील काही मुले त्यांच्या काढ्याने इतकी सुधारली की रुग्णालयातील त्वचारोगतज्ज्ञांना त्याची दखल घेणे भाग पडले. त्यांनी हेटाळणी केली नाही आणि जयजयकारही केला नाही, परीक्षा घेतली. चिनी वैद्य प्रत्येक रोग्यासाठी काढा बदलतो, म्हणून प्रथम दहा वनस्पतींचे एक ठराविक मिश्रण निश्चित केले. त्या दहांत ज्येष्ठमध होते, आणि आपले गोखरूही. त्याच्या जोडीला तसाच वास व तशीच चव असणारे पण इसबावर निरुपयोगी समजले जाणारे दुसरे मिश्रण तयार केले, आणि प्रत्येक मुलाला काही आठवडे एक व काही आठवडे दुसरे, कोणते केव्हा हे न सांगता, दिले. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत 47 मुले होती, त्यांतील 37 शेवटपर्यंत टिकली. काढा इतका कडू की उरलेल्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. खऱ्या काढ्याच्या काळात त्वचेची लाली व फैलाव दोन्ही लक्षणीयरीत्या उतरली. त्याच वर्षी 40 प्रौढांवर झालेल्या चाचणीतही तेच दिसले.

येथे गोष्ट संपली असती तर हे पुस्तक फार लहान झाले असते. 1999 साली हाँगकाँगच्या वैद्यांनी तेच मिश्रण चिनी रोग्यांवर तपासले आणि त्यांना निरुपयोगी काढ्याहून अधिक असा काहीच गुण दिसला नाही. लंडनच्या मुलांतही औषध थांबवताच पुष्कळांचे इसब उलटले, आणि काहींच्या रक्ततपासणीत यकृताला झळ पोहोचल्याची चिन्हे आढळली. 2007 साली हाँगकाँगमध्येच पाच वनस्पतींचे वेगळे मिश्रण 85 मुलांवर तपासले गेले. रोगाची तीव्रता त्याने फारशी बदलली नाही, पण ते घेणाऱ्या मुलांना स्टिरॉइडची मलमे सुमारे एक तृतीयांश कमी लागली. हा निकाल दोन्ही पक्षांना सारखाच गैरसोयीचा असल्यामुळे कोणीच तो मोठ्याने सांगत नाही. 2013 साली अशा 28 चाचण्यांचा एकत्र आढावा घेणाऱ्यांनी निर्णायक पुरावा नाही असा शेरा मारला, आणि त्याचे कारण बहुतेक चाचण्या सदोष आहेत हे दिले.

परंतु माझ्या मते या सबंध इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे दाखले या चाचण्यांच्या बाहेरचे आहेत. 1999 साली लंडनच्या वैद्यांनी इसबावर चिनी वनस्पतींचे म्हणून विकले जाणारे 11 मलमांचे नमुने तपासले, तेव्हा 8 नमुन्यांत डेक्सामेथासोन हे तीव्र स्टिरॉइड निघाले. काही तर लहान मुलांच्या चेहऱ्यावर लावण्यासाठी दिले होते. त्याच वर्षी इसबासाठी चिनी काढा घेणाऱ्या ब्रिटनमधल्या दोन स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाल्याचे प्रसिद्ध झाले. क्लेमॅटिसच्या वेलीचे म्हणून जे खोड मुतोंग या नावाने काढ्यात पडायला हवे, त्याच्या जागी त्याच नावाने विकल्या जाणाऱ्या ॲरिस्टोलोकिया कुळातील वेलीचे खोड पडले होते, आणि त्या कुळातील आम्ल मूत्रपिंडांचा नाश करते व पुढे कर्करोगही ओढवते. पहिल्या प्रकरणात लोकांना गुण आला तो वनस्पतीचा नव्हता. दुसऱ्या प्रकरणात वनस्पतीच वेगळी होती. म्हणून अमुक वनस्पती गुणकारी आहे की नाही हा वाद मांडण्यापूर्वी पुडीत तीच वनस्पती आहे की नाही याचा तपशील मिळाला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि पुढील पानांत सर्वत्र हाच क्रम ठेवला आहे.

हा दोष चिनी बाजाराचाच आहे असे कोणी समजू नये. ॲरिस्टोलोकिया कुळातल्या ईश्वरी आणि कीडामारी आपल्या जुन्या औषधिसंग्रहांत सन्मानाने बसलेल्या आहेत. दारुहळद मागितली असता दक्षिणेच्या बाजारात हिमालयातील बर्बेरिसऐवजी पश्चिम घाटातल्या कॉसिनियम वेलीचे खोड हाती येणे नित्याचे; दोन्हींत बर्बेरिन आहे म्हणून निभावते इतकेच. आणि मलमांची गोष्ट तर बोलायलाच नको: गजकर्णापासून गोरेपणापर्यंत सर्व कामांसाठी स्टिरॉइडची मलमे आपल्या दुकानांतून वैद्याच्या चिठ्ठीविना इतकी मुबलक विकली गेली की 2018 साली केंद्र सरकारला त्यांच्यावर नियमाचा बंदोबस्त करावा लागला. चेहऱ्याची त्वचा पातळ व लाल झालेली, मलम सोडताच आग आग होणारी तरुण मंडळी आज प्रत्येक त्वचारोगतज्ज्ञाच्या दारात दिसतात, आणि त्यांतील कित्येकांना आपण आयुर्वेदिक किंवा घरगुती लेप लावीत होतो असेच प्रामाणिकपणे वाटत असते.

वनस्पतीची ओळख पटवून मगच तिच्याविषयी बोलण्याची शिस्त मराठी अभ्यासकांना नवी नाही. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी बामनदास बसूंसमवेत भारतीय औषधी वनस्पतींचा जो सचित्र ग्रंथ सिद्ध केला व जो त्यांच्या मृत्यूनंतर 1918 मध्ये बाहेर पडला, त्याचे सारे बळ जातिनिश्चितीत आहे. वामन गणेश देसाई यांच्या औषधिसंग्रहात आणि शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या वनौषधिगुणादर्शात तीच कळकळ निराळ्या वाटांनी दिसते. याच्या उलट डॉ. भाऊ दाजी लाड यांचे उदाहरण. मुंबईच्या या थोर विद्वानाने महारोगावर एका वनस्पतीच्या तेलाचे प्रयोग केले, गुण आल्याच्या वार्ता दूरवर पोहोचल्या, पण प्रयोग पुरे होईपर्यंत औषध उघड करायचे नाही या निश्चयाने त्यांनी त्याचे नाव गुप्त ठेवले आणि 1874 मध्ये ते निवर्तले. ते तेल हिडनोकार्पस कुळातल्या झाडाच्या बियांचे होते असे मागाहून कळले. त्याच कुळातले बी चीनमध्ये त्याच रोगावर वापरात होते. भाऊंच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही, तथापि त्या गुप्ततेने दुसऱ्या कोणाला ते औषध पडताळून पाहण्याची संधी उरली नाही, हे त्यांच्याविषयीच्या आदरासह सांगावे लागते.

चिनी वैद्य त्वचारोगाची मीमांसा वारा, ओलावा, उष्णता आणि रक्तातील ताप या परिभाषेत करतो. आपला वैद्य पित्त व रक्तदुष्टी म्हणतो, आणि हकीम सफरा व सौदा यांच्या बिघाडाकडे बोट दाखवतो. या तिन्ही परिभाषांचे आधुनिक दाहाशी शब्दशः लग्न लावून देण्याची जी हौस हल्ली बोकाळली आहे तिच्यात मी सामील नाही. त्या परिभाषा रोगी पाहण्याच्या पद्धती आहेत. खाज रात्री वाढते की उन्हात, चट्टा ओला की कोरडा, हे त्यांनी बारकाईने विचारले, आणि त्यातले काही प्रश्न आजचा घाईतला डॉक्टर विचारीत नाही.

पुढील प्रकरणांची मांडणी त्यामुळे अशी केली आहे. प्रत्येक वनस्पतीच्या आरंभी तिची शास्त्रीय जात, उपयोगात येणारा भाग, आणि बाजारात तिच्या नावाने मिळणाऱ्या इतर वस्तू दिल्या आहेत. त्यानंतर माणसांवरील चाचण्या, मग प्राण्यांवरील, आणि सर्वांत शेवटी काचपात्रातील प्रयोग. हा क्रम प्रचलित पद्धतीच्या उलटा आहे, पण काचपात्रात मास्ट पेशींना आवरणारी द्रव्ये शेकड्यांनी सापडतात आणि त्यांपैकी बरीचशी त्वचेचा वरचा थर ओलांडून आत जातच नाहीत, कारण त्यांचे रेणू त्या मानाने फार मोठे असतात. लावण्याचे धोके आणि पोटात घेण्याचे धोके वेगवेगळे नोंदले आहेत. मात्रा कोठेही दिलेली नाही. ज्येष्ठमधाचे प्रकरण सर्वांत मोठे झाले आहे, निळीचे त्याखालोखाल. चोपचिनीचे, तिचा एवढा इतिहास असूनही, चार पानांत आटोपले, कारण तिच्यावर लिहिणारे पुष्कळ झाले आणि माणसाच्या त्वचेवर तिला नीट तपासून पाहणारे फार थोडे.

नल्लकुंटा, हैदराबाद